नट सुटावा, शाफ्ट शाबूत राहावा

मोटरसायकलच्या क्लचचा मधला नट छिन्नी-हातोडीने सोडू नये, एवढे एकच सांगणे या पुस्तकात आहे. पुढचे आराखडे, मापे, वेल्डिंगच्या सूचना, भंगारातून काय उचलावे याच्या याद्या, हे सारे एकाच प्रश्नाचे उत्तर आहे: छिन्नी नको, तर मग काय? गल्लोगल्लीच्या गॅरेजांत हा प्रश्न रोज उभा राहतो आणि बहुतेक वेळा हातोडीच त्याचे उत्तर देऊन मोकळी होते.

छिन्नी काय करते ते आधी नीट पाहू. होंडाच्या घराण्यातल्या अनेक लहान इंजिनांत हा नट षट्कोनी नसतो. तो गोल असतो आणि त्याच्या तोंडावर चार खाचा असतात. साधा पाना त्याला लागत नाही, नेहमीची गोटी (सॉकेट) बसत नाही. मेस्त्री खाचेच्या कडेला छिन्नीचे टोक तिरके टेकवतो, हातोडीचे चार घाव घालतो आणि नट सुटतो. सुटतो म्हणूनच ही सवय मोडत नाही. नट हलला नसता तर माणसाने दुसरा उपाय शोधला असता.

पण घावाचा थोडाच भाग नट फिरवण्यात खर्ची पडतो. उरलेला धक्का शाफ्टला आडवा बसतो, शाफ्टमधून बेअरिंगमध्ये उतरतो आणि गोळ्या ज्या रेसवर धावतात तिच्यावर बारीक खळगे पाडू शकतो. नटाच्या खाचेची कड उडते, तिचा कपचा तेलात जातो. छिन्नी घसरली तर शाफ्टच्या तोंडचे आटे दबतात, मग नवा नटही वाकडा चढतो. यातले काही त्या दिवशी कळत नाही. गाडी ठणठणीत चालू होते, गिऱ्हाईक पैसे देऊन जाते. बेअरिंगची घरघर सुरू होते ती काही महिन्यांनी, आणि तेव्हा इंजिन उघडणारा हात बहुधा दुसराच असतो. त्यामुळे छिन्नीवर कधी आळ येत नाही.

अवजार चांगले की वाईट हे ठरवताना म्हणून मी एकच गोष्ट बघतो. लावलेला जोर कुठून निघाला, कुठे पोचला आणि वाटेत कशाकशाला लागला? घरी केलेले अवजार या कसोटीला उतरू शकते. ते स्वस्त असते हा त्याचा दुय्यम गुण आहे. ते करण्यासाठी क्लच आतून समजून घ्यावा लागतो, हा पहिला.

तेव्हा क्लच थोडक्यात समजून घेऊ. बाहेर एक बास्केट असते, आपल्याकडे गॅरेजात तिला हाउसिंग म्हणतात. ती क्रँकशाफ्टवरच्या लहान गिअरने फिरते, बुलेटसारख्या गाडीत साखळीने फिरते. तिच्या पोटात क्लच सेंटर असते, ते गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टवर खाचांत घट्ट बसलेले. या दोघांच्या मध्ये प्लेटांची चळत. घर्षणाचे अस्तर असलेल्या प्लेटांना बाहेरच्या बाजूने कान असतात, ते हाउसिंगच्या फटींत अडकतात. लोखंडी प्लेटांना आतून दाते असतात, ते सेंटरवर बसतात. पत्त्यांच्या दोन गड्ड्या एकमेकींत पिसाव्यात तशा या दोन जाती एकाआड एक लावलेल्या असतात. स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात म्हणून हाउसिंगबरोबर सेंटर फिरते. लिव्हर दाबली की स्प्रिंगांचा दाब उचलला जातो आणि दोघांची फारकत होते.

एवढा लहानसा क्लच इंजिनाची सगळी ताकद कशी पेलतो? अस्तराच्या ५ प्लेटा असल्या तर घासणारे पृष्ठभाग १० होतात. स्प्रिंगांचा दाब एकच, पण तो दहाही ठिकाणी तितकाच कामी येतो. म्हणून सारा भाग तेलात बुडालेला असूनही पकड पुरते. आणि म्हणूनच त्यात जरासा दोष आला की तो लगेच जाणवतो. प्लेट थोडी झिजली, स्प्रिंग थोडी बसली, तेल चुकीचे पडले, की चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र तेवढ्याच वेगाने चालत राहते. क्लच स्लिप मारतोय असे मग आपण म्हणतो. उलट बाजूचा दोष म्हणजे लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढते, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. प्लेट वाकलेली असते, किंवा हाउसिंगच्या बोटांवर कानांनी खड्डे पाडलेले असतात, किंवा केबलला ढील फार असते.

आता नटाकडे परत येऊ. सेंटर शाफ्टवर घट्ट आहे, त्यामुळे नट फिरवायला गेले की सेंटर आणि शाफ्ट दोन्ही बरोबर फिरतात. कुणीतरी सेंटर धरले पाहिजे. म्हणजे या एका नटाला दोन अवजारे लागतात, एक फिरवणारे आणि एक धरणारे. फिरवणाऱ्याची सोय लोक कशीबशी करतात. गॅरेजात नसते ते धरणारे, आणि ते नाही म्हणूनच छिन्नी हातात येते. घाव झटक्यात बसतो, सेंटर फिरायच्या आत नट हलतो. छिन्नीचे सारे गुपित एवढेच.

धरण्याचे दोन उपाय सर्वत्र चालतात. पहिला, गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक दाबून धरायचा. यात जोर मुख्य शाफ्टवरून गिअरच्या दात्यांत, तिथून साखळीत, चाकात आणि शेवटी ब्रेकमध्ये जातो. नट फार घट्ट नसेल आणि जोर सावकाश लावला तर हे चालून जाते. इंजिन गाडीतून उतरवलेले असेल तर हा उपाय संपलाच. दुसरा उपाय प्रायमरी गिअरच्या दात्यांत काहीतरी अडकवण्याचा. नवशिके इथे हमखास गोंधळतात. दात्यांत अडथळा घातला की क्रँक आणि हाउसिंग थांबतात. प्लेटा काढलेल्या असतील तर सेंटरला त्याचा काहीच संबंध उरत नाही, ते मोकळे फिरते. ही युक्ती क्रँकवरच्या नटासाठी आहे. त्यातही अडथळा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा हवा, दात्याच्या पूर्ण रुंदीवर बसणारा. पोलादाचा तुकडा घातला तर दाता आणि तुकडा यांत कोण आधी फुटेल ते सांगता येत नाही.

धरणारे अवजार करायचे तर आधी क्लचची जात ओळखावी लागते, कारण इथे दोन घराणी आहेत. यामाहाच्या आरएक्स १०० मध्ये प्रेशर प्लेट बाहेरच्या बाजूला असते. ती काढली, प्लेटा उपसल्या, की सेंटर उघडे पडते. होंडाच्या लहान इंजिनांत मांडणी उलटी असते. सेंटर बाहेर, प्लेटा त्याच्या मागे आणि प्रेशर प्लेट सगळ्यांत आत. प्रेशर प्लेटचे खांब सेंटरमधून बाहेर डोकावतात, त्यांच्यावर स्प्रिंगा आणि वरून लिफ्टर प्लेट. पहिल्या घराण्यासाठी केलेले अवजार दुसऱ्याला लागत नाही.

पहिल्या घराण्याचे अवजार जळक्या प्लेटांतूनच होते. टाकून दिलेली लोखंडी प्लेट घ्यायची, तिचे दाते सेंटरवर अचूक बसतात, कारण ती त्यासाठीच घडलेली आहे. तिला दांडा जोडला की झाले, असे वाटते. पण एक प्लेट जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड असते. सेंटर अॅल्युमिनियमचे. सगळा जोर त्या पातळ कडेवर आला तर सेंटरच्या खाचांत चरे पडतात, आणि त्या चऱ्यांत पुढे नव्या प्लेटा अडकून क्लच ओढू लागतो. म्हणजे नट सोडण्याच्या नादात दुसरा आजार लावून ठेवला. त्यासाठी तीन-चार प्लेटा एकावर एक ठेवून जोडाव्यात. दाते एका रेषेत राहावेत म्हणून जोडताना त्या एखाद्या बाद झालेल्या सेंटरवर चढवून ठेवाव्यात. त्याआधी त्यांचे तेल पुसून, जाळून पूर्ण काढावे. बाहेरच्या कडेला समोरासमोर छोटे टाके मारावेत, मध्ये थंड होऊ द्यावे. एका दमात गोल वेल्डिंग ओढले तर चळत ताटलीसारखी वाकते आणि सेंटरवरून निघता निघत नाही.

दांड्याला इंचभर रुंद, पाव इंच जाड लोखंडी पट्टी पुरते. लांबी दीड फूट. तिला प्लेटेजवळ एक बाक द्यावा, म्हणजे ती इंजिनाच्या कडेवर न टेकता बाहेरून जाईल. हा बाक फार महत्त्वाचा आहे, कारण दांडा टेकणार कुठे हा या अवजारातला निम्मा प्रश्न आहे. इंजिनाच्या केसवर तो कधीही टेकू नये. ओतीव अॅल्युमिनियमची कड एका दाबात तडकते. क्लच उजव्या बाजूला आणि आटे सुलटे असतील तर नट सोडताना दांडा मागच्या दिशेला ठेवावा. सेंटर डावीकडे फिरू पाहते तेव्हा मागचा दांडा खाली येतो आणि लाकडी ठोकळ्यावर विसावतो. आवळताना तोच दांडा पुढच्या दिशेला. एवढे ध्यानात ठेवले तर मदतीला पोऱ्या नसला तरी एकट्याने काम होते.

दुसऱ्या घराण्यासाठी चौकोनी पट्टी लागते, तिला स्प्रिंगांच्या खांबांच्या मापाने चार भोके आणि मध्ये गोटी जाईल एवढे मोठे भोक. ही चार भोके नेमकी कुठे पाडायची? खांबांच्या टोकांवर जळके तेल लावायचे, वर पुठ्ठा दाबायचा. पुठ्ठ्यावर चार काळे ठसे उमटतात. तो पुठ्ठा पट्टीवर चिकटवून प्रत्येक ठशाच्या मध्यावर सेंटर पंच मारायचा. व्हर्नियरने अंतर मोजून काढलेल्या आकृतीइतके हे बिनचूक निघते, आणि त्यात आकडेमोडीची चूक होण्याचा धोका नाही. पट्टी चारही बोल्ट लावूनच वापरावी. दोन बोल्टांवर भागवले तर खांबाचे आटे उपटून येतात. खांब अॅल्युमिनियमचे आहेत, त्यातले बोल्ट बहुधा ६ मिलिमीटरचे. क्लच परत बसवतानाही हे बोल्ट समोरासमोर, थोडेथोडे आवळायचे असतात. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळले की प्रेशर प्लेट तिरकी बसते आणि खांब मोडतो.

आता फिरवणारे अवजार. चार खाचांच्या नटासाठी होंडाचा जो खास पाना असतो त्याचे माप २० आणि २४ मिलिमीटर असे दिलेले असते, म्हणजे दात्यांच्या आतला व्यास २० आणि बाहेरचा २४. आता १७ नंबरची अर्ध्या इंची चौकाची गोटी हातात घेऊन मोजा. बाहेरून ती साधारण २४ भरते आणि आतले कोपरे २० च्या आसपास येतात. तिचे तोंड घासून चार दाते उभे केले की अवजार तयार. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात अशा सुट्या गोट्या मिळतात. मेकनुसार माप थोडे इकडेतिकडे होते, म्हणून तसाच एखादा सुटा नट खिशात घेऊन जावे.

दाते काढताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली उष्णता. गोटी चांगल्या पोलादाची असते, ग्राइंडरवर ती निळी पडली की तिथला कडकपणा गेला. थोडे घासावे, पाण्यात बुडवावे, पुन्हा घासावे. घाईच्या माणसाने हे अवजार करू नये. दुसरी गोष्ट दात्यांच्या बाजू. त्या अगदी उभ्या हव्यात. टोकाकडे निमुळत्या झाल्या तर जोर लावताच गोटी खाचेतून वर उसळते, आणि मग माणूस पुन्हा छिन्नीकडे वळतो. शेवटचा हात तेलदगडाने फिरवावा. कानशीचे कडक गोटीवर फारसे चालत नाही.

काही जण गोटीऐवजी पाण्याच्या नळाचा तुकडा वापरतात. एकदोन नटांपुरता तो टिकतो, दाते मऊ असल्याने ते आधी वाकतात आणि नटाचे नुकसान टळते, हा एक फायदाच म्हणायचा. मात्र त्याला हँडल वेल्ड करायचे असेल तर जस्ताचा मुलामा असलेला नळ घेऊ नये. वेल्डिंगच्या आचेने जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. काळा नळ घ्यावा.

हा प्रश्न आपल्याकडे आला कधी, हेही सांगायला हवे. आधीच्या पिढीच्या मेस्त्रीचा हात बुलेट, राजदूत आणि जावा-येझदीवर बसलेला होता. बुलेट १९५५ पासून मद्रासमध्ये जुळू लागली, तिचे बरेच आटे इंग्रजी मापाचे, त्यामुळे पान्यांचा एक वेगळा संच ठेवावा लागे. मग १९८०च्या दशकाच्या मध्यात दोन-तीन वर्षांत सारे बदलले. इंड-सुझुकीची एएक्स १००, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १००, पाठोपाठ कावासाकी बजाजची केबी १००. सगळ्या जपानी बांधणीच्या, मिलिमीटरच्या मापाच्या, आटोपशीर इंजिनांच्या. त्यांतल्या काहींत गोल नट आले, आत लपलेले भाग आले, आणि त्यांच्याबरोबर खास अवजारांची यादी आली. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रत्येक अवजाराला नंबर असतो. ती अवजारे कंपनीच्या अधिकृत सेंटरांत पोचली. रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्याकडे गाड्या आल्या, अवजारे आली नाहीत. मॅन्युअलही इंग्रजीत.

त्या माणसांनी जे केले त्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला लेथवाला, आयटीआयत फिटर झालेला भाचा, भंगारवाल्याशी ओळख, एवढ्या भांडवलावर त्यांनी आपापले पुलर आणि होल्डर घडवले. एका गॅरेजातले अवजार शेजारच्याने पाहिले, उसने नेले, तसे दुसरे केले. अशी शेकडो अवजारे आज भिंतीवरच्या खिळ्यांना लटकत आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची ना आकृती आहे ना माप. मेस्त्री थकला, शटर उतरले, की ती किलोच्या भावाने जातात. विकत घेणाऱ्याला ते वाकडे लोखंड कशासाठी होते हे कळण्याचा काही मार्ग नसतो. या पुस्तकात काढलेली प्रत्येक आकृती मला म्हणूनच मोलाची वाटते. त्यातली काही अवजारे ओबडधोबड आहेत. ती तशीच काढली आहेत, आणि जिथे सुधारणा शक्य आहे तिथे ती शेजारी वेगळी दाखवली आहे. हे मला फार योग्य वाटले.

सगळीच अवजारे जोर लावण्याची नाहीत. मोजण्याची घरगुती अवजारे तर अधिक सुंदर आहेत. लोखंडी प्लेट वाकली आहे का, हे पाहायला जाड काचेचा तुकडा पुरतो. काच पुसून प्लेट वर ठेवायची आणि फिलर गेजची पाती कडेने सरकवायची. ०.२० मिलिमीटरची पाती आत गेली तर होंडाच्या बऱ्याच गाड्यांच्या हिशेबाने प्लेट बाद. नुसत्या नजरेला ती प्लेट सपाटच दिसते. स्प्रिंगाही त्याच काचेवर उभ्या करून वरून स्टीलची फूटपट्टी आडवी ठेवावी. बसलेली स्प्रिंग पट्टीखाली फट दाखवते. सगळ्याच सारख्या बसल्या असतील तर ही युक्ती फसते, तिथे व्हर्नियरने लांबी मोजून मॅन्युअलशी ताडून पाहावी लागते. अस्तराच्या प्लेटेची जाडी पुष्कळ लहान गाड्यांत नवी असताना ३ मिलिमीटरच्या आसपास असते आणि २.६ ला ती संपलेली धरतात. म्हणजे नवी आणि बाद यांत अर्धा मिलिमीटरही नाही. बोटाने चाचपून प्लेट चांगली आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

नट किती आवळायचा हा प्रश्न टॉर्क पान्याशिवाय सुटत नाही, असा समज आहे. गॅस सिलिंडर तोलायला जो लटकता काटा वापरतात तो आणा. समजा मॅन्युअलमध्ये ६० न्यूटन-मीटर लिहिले आहे. पान्याच्या दांड्यावर नटाच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर खूण करा, तिथे काट्याचा हूक अडकवा आणि दांड्याशी काटकोन राखून सावकाश ओढा. काटा २० किलोच्या किंचित वर गेला की ६० झाले. काटकोन मोडला तर हिशेब चुकतो, झटका दिला तरी चुकतो. एवढे पथ्य पाळले तर हाताच्या अंदाजापेक्षा हा काटा किती तरी भरवशाचा. हाच हिशेब उलटा केला की छोट्या पान्याने नट का सुटत नाही तेही कळते. १० सेंटिमीटरच्या दांड्यावर तेवढ्याच टॉर्कसाठी ६० किलोंहून अधिक जोर लागतो, तोही पाय घसरत असलेल्या अवस्थेत.

स्कूटरचे एक अवजार इथे घेतले आहे, आणि ते वगळले असते तर मला वाईट वाटले असते. बजाज चेतक १९७२ पासून महाराष्ट्रातल्या घराघरांत होती. तिच्या क्लचच्या प्लेटा काढायच्या तर आधी स्प्रिंगा दाबून ठेवाव्या लागतात, तरच वरची रिंग निघते. त्यासाठी एक लांब बोल्ट, दोन जाड वायसर आणि एक नट लागतो. बोल्ट क्लचच्या मधल्या भोकातून घालायचा, दोन्ही बाजूंना वायसर, आणि नट आवळत जायचे. स्प्रिंगा मुकाट्याने बसतात, रिंग मोकळी होते, मग नट सावकाश ढिला करायचा. चार तुकड्यांचे हे अवजार, आणि त्यात जोर बोल्टच्या आतच फिरतो, बाहेर कशालाही लागत नाही. माझ्या मते या पुस्तकातले हे सर्वांत निर्दोष अवजार आहे. २०२० मध्ये चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर परत आले. तिला क्लचच नाही. जुन्या चेतक मात्र अजून रस्त्यावर आहेत आणि हा बोल्ट मापाने लिहून ठेवलेला असणे गरजेचे आहे.

केबलसंबंधीच्या युक्त्या बहुतेकांना ठाऊक असतात, त्यामुळे त्यांवर फार पाने खर्च झालेली नाहीत. केबलच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा दोऱ्याने बांधून त्यात तेल ओतून रात्रभर टांगणे, ही त्यांतली सर्वांत उपयोगी. क्लच कव्हरच्या स्क्रूंबद्दल एक सूचना मात्र वाचाच. जुन्या जपानी गाड्यांतल्या फुलीच्या स्क्रूची खाच नेहमीच्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाशी पूर्ण जुळत नाही, टोक तळाला आधी टेकते आणि कडा मोकळ्या राहतात. ड्रायव्हरचे टोक अगदी किंचित घासून टाकले की तो खोल बसतो. कित्येक डोकी गोल झालेले स्क्रू एवढ्याने वाचले असते.

काही ठिकाणी घरगुती अवजारही थांबले पाहिजे. नटाखालचा लॉक वॉशर दर वेळी नवाच घालावा, वाकवलेला पाय पुन्हा वाकवला की तुटतो. होंडाच्या बशीसारख्या वॉशरवर बाहेरची बाजू दाखवणारी इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात, ती वर दिसली पाहिजेत. काही इंजिनांत उलटे आटे असतात. मॅन्युअल न पाहता, आट्यांची दिशा न ओळखता लांब दांड्याचे चांगले अवजार लावले तर ते छिन्नीपेक्षा जास्त नासधूस करील, कारण त्यात जोर अधिक आहे. ग्राइंडरवर चष्मा लावावा. जुन्या प्लेटांच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून वाळलेल्या प्लेटांवर हवेचा पाइप मारू नये आणि त्या कोरड्या घासू नयेत, ओल्या फडक्याने पुसाव्यात.

आणि क्लच उघडण्याआधी तो उघडायला हवा का, हे पाहावे. स्लिप मारणाऱ्या क्लचमध्ये लिव्हरच्या टोकाशी ढीलच उरलेली नाही असे पुष्कळदा आढळते. बऱ्याच गाड्यांत ती १० ते २० मिलिमीटर हवी. केबल ताणलेली असेल तर स्प्रिंगांचा दाब कायम थोडा उचललेला राहतो आणि चांगल्या प्लेटा जळत जातात. दुसरे, तेल. मोटारीसाठीच्या काही इंजिन ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, ती ओल्या क्लचला मारक ठरतात. डब्यावर जासो एमए हे अक्षर-चिन्ह आहे का ते बघावे. ढील आणि तेल तपासायला एकही अवजार लागत नाही.

पुस्तकातल्या आकृत्यांत मापांच्या काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत. दात्यांची संख्या, खांबांतले अंतर, दांड्याचा बाक ही मापे गाडीगणिक बदलतात. ती आपल्या इंजिनावर मोजून पेन्सिलने भरावीत. प्रथमच काही करणाऱ्याने काच, फिलर गेज आणि लटकता काटा यांपासून सुरुवात करावी, कारण त्यांत बिघडण्यासारखे काही नाही. मग स्प्रिंगांच्या खांबांची पट्टी किंवा प्लेटांचा होल्डर, आणि सर्वांत शेवटी चार दात्यांची गोटी. होल्डरसाठी भंगारातून प्लेटा निवडताना बाद झालेले सेंटर बरोबर न्यावे आणि प्रत्येक प्लेट त्यावर चढवून पाहावी. जी सहज चढत आणि उतरत नाही, ती वेल्डिंगला नेऊ नये.